पूर्वेकडचा कान

१८ सप्टेंबर

भिंत आहे! लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या सकाळी मला स्वतःलाच स्वप्न वाटायला नको.

आज आभाळाच्या चौथ्या पट्ट्याची मोजणी पुरी झाली. आमचं सगळं काम मेन्नो शेजारच्या लामर्टला समजावतो तसंच इथे लिहिलेलं बरं, कारण लामर्ट मेंढ्या पाळतो आणि त्याला कळलं म्हणजे जगाला कळलं. लांबच्या दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर असतं. ते दोन बाजूंना दोन पिचकाऱ्या मारतं आणि पिचकारीच्या टोकाला एकेक ढग साचतो. आपल्या रेडिओ टेलिस्कोपला ते दोन ढग दिसतात, मधली दीर्घिका बहुतेक वेळा दिसतच नाही. आम्ही त्या ढगांना कान म्हणतो. कान दिसतात, डोकं दिसत नाही. कुठला कान कुणाचा, हे मोठ्या दीर्घिकांच्या बाबतीत कंप्युटरला नीट कळत नाही, माणसाला डोळ्यांनी बघावं लागतं. जोडी लागली तर ती एक दीर्घिका. नाही लागली तर दोन सुटे कान, म्हणजे हिशेबात दोन दीर्घिका.

असं आभाळभर मोजायचं. जवळून बघितलं तर कुठे गर्दी, कुठे शुकशुकाट. पण फार मोठ्या मापाने बघितलं तर सगळीकडे सारखं असायला हवं, नीट मळलेल्या कणकेसारखं. या एका समजुतीवर आमची सगळी विद्या उभी आहे. आणि चौथ्या पट्ट्यात कणकेत हा एवढा मोठा गोळा! पट्ट्याच्या पश्चिमेला काही नाही, मग हळूहळू दाट होत जाते आणि पूर्वेच्या कडेला नुसता खच. दीर्घिकांची एवढी मोठी भिंत कुणी पाहिलेली नाही. चौथा पट्टा मेन्नोचा. त्याने एकट्याने बघितलेला, गेल्या हिवाळ्यापासून, पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमाने. तपासला कुणी नाही. कान ओळखायला आम्हा सगळ्यांना त्यानेच शिकवलं, त्याचं कोण तपासणार?

"माझ्या पट्ट्यात निघाली," मेन्नो म्हणाला, "म्हणजे मेन्नोची भिंत. तुला हवं तर तिच्यावर तुझी फुलझाडांची कुंडी ठेव."

"कुंडी तुझ्या डोक्यावर ठेवीन," मी म्हटलं.

घरी आल्यावर सफरचंदाची टार्ट आणली होती ती काढली. त्याने अर्धीच खाल्ली आणि बशी सारली. एवढा आनंदाचा दिवस आणि हा नखरा. मी विचारलं, आवडली नाही का? म्हणाला, संपवली की. मी बशी उचलली. आज भांडायचं नव्हतं.

एखाद्या जोडीवर दोघांचं जमलं नाही की फार ताणायचं नाही, हा आमच्या ऑफिसातला जुना रिवाज. एकाने हात वर करून म्हणायचं, "तू म्हणतेस तर जोड." मेन्नोने मला लग्नाचं विचारलं तेव्हा मी दुसरं काही न सुचून हेच म्हटलं होतं: तू म्हणतोस तर जोड. आज टार्टवरून ते आठवलं, का कोण जाणे.

२ ऑक्टोबर

मेन्नो सायकलसकट कॅनॉलमध्ये गेला.

लामर्टने बाहेर ओढून दारात आणून उभा केला. डोक्यावर शेवाळ, पायात एकच बूट. "हिस्के," लामर्ट म्हणतो, "हा कॅनॉल आमच्या पणजोबांच्या आधीपासून इथेच आहे. तुझ्या नवऱ्याला आज भेटला."

"कुणीतरी सरकवला असेल," मेन्नो म्हणाला आणि दोघं खदाखदा हसले. मला हसू आलं नाही. नजर वर आणि पाय कुठे, अशी गत आहे त्याची. त्या रस्त्याने हा रोज जातो. डावीकडे पाणी, उजवीकडे शेत, त्यात चुकायला आहे काय? मी चांगलं झापलं. मग गरम वाटाण्याचं सूप दिलं. थंडीने ओठ निळे झाले होते त्याचे.

हातमोजाही एकच सापडला. उजवा. डावा घातलाच नव्हता म्हणतो लामर्ट. या थंडीत!

२० ऑक्टोबर

बैठक. चेब्बेने माझं डोकं उठवलं.

चेब्बे आमचा आकडेमोडीचा माणूस, फ्रिसलंड प्रांतातला, हसला तर दात दुखतील असा. भिंतीचा आलेख बघून सगळे आ वासून बसले होते आणि हा बाबा कॉफीत बिस्किट बुडवत म्हणतो, "हिस्के, तुझ्या भिंतीत जुळी फार आहेत."

"म्हणजे?"

"भिंतीतल्या पुष्कळ दीर्घिकांना अगदी खेटून एक शेजारीण आहे. बाकीच्या पट्ट्यांत असं नाही. मला वाटतं कान सुटलेत. जोड्या लागायच्या राहिल्यात."

"मेन्नोने लावल्यात जोड्या."

"तेच तर म्हणतोय."

मला राग आवरला नाही. म्हटलं, तू शाळेत होतास तेव्हापासून तो कान जोडतोय. तुला स्वतःला धड दहा जोड्या लावता येत नाहीत. चेब्बेचं बिस्किट कॉफीत तुटून पडलं, ते तो चमच्याने काढत बसला. शेवटी ठरलं की मार्चच्या सभेत जाहीर करायचं, तोवर चेब्बे त्याच्या शंका फेडून घेईल. फेडू दे.

मेन्नोही बैठकीला होता. माझ्या उजव्या हाताला बसला होता. मी एवढी त्याच्या बाजूने भांडले तर त्याने माझ्याकडे एकदा वळून बघू नये? पूर्ण वेळ तो पलीकडे खिडकीबाहेर बघत होता, जशी काही मी खोलीतच नाही. घरी येताना मी एक शब्द बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

९ नोव्हेंबर

मेन्नोची बहीण जेवायला आली आणि हा अर्धी दाढी करून बसला! उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर खुंट. "नवी फॅशन आहे का?" तिने विचारलं. तो म्हणाला, "केली की दाढी, बघ ना," आणि उजवा गाल पुढे केला. साठी जवळ आली की पुरुषांची लाजच जाते.

केलची भाजी घालून बटाटे कुस्करले होते, वर सॉसेज. याने अर्धं ताट तसंच टाकलं. सॉसेजला तर हातही लावला नाही. लहानपणापासून सॉसेजवर जीव आहे त्याचा. बहिणीसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर मी स्वच्छ विचारलं, माझ्यावर राग आहे का? मला टाळतोयस का? तो चकितच झाला. मग म्हणाला, "जरा डोकं दुखतंय, बाकी काही नाही."

खोटं बोलायचं तर निदान नवं काहीतरी बोलावं. उन्हाळ्यापासून हेच सांगतोय.

५ डिसेंबर

सिंटरक्लासची, म्हणजे भेटवस्तूंच्या सणाची संध्याकाळ. दोघंच होतो, पण मेन्नोने रिवाज मोडला नाही. भेटीबरोबर चिडवणारी कविता हवीच, ती त्याने केली आणि मोठ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिली. सगळी कविता कागदाच्या उजव्या बाजूला दाटीवाटीने, शेवटचे शब्द कडेला चेपलेले, डावी बाजू अख्खी कोरी. मी म्हटलं, ही काय नवकविता? तो म्हणाला, "जागा पुरली नाही." मी हसून बेजार.

हिस्केबाईंच्या नाकावरती बाराही महिने राग,
भिंत दिसली आभाळात, पण घरी लागेना माग.
चष्मा कुठे, किल्ली कुठे, कुठे ठेवला चहा?
आभाळाच्या मालकीणबाई, जरा घरात पाहा!

दर वर्षीसारखी मी त्याला चॉकलेटचं अक्षर दिलं, त्याच्या नावाचा मोठा M. खाऊन झाल्यावर खोक्यात अक्षराचा डावा पाय जसाच्या तसा. अख्खा! चॉकलेटचा तुकडा कुणासाठी मागे ठेवणारा हा माणूस नव्हे, लग्नापासून मला ठाऊक आहे. मग माझ्या लक्षात आलं. ताटात ठेवतो, टार्ट ठेवतो, आज चॉकलेट. माझ्यासाठी ठेवतो! तोंडाने बोलायला जमत नाही, म्हणून. आणि मी मूर्ख बाई महिनोन् महिने त्याच्यावर डाफरतेय.

मी तो पाय खाल्ला आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. फार दिवसांनी बरं वाटलं.

१६ डिसेंबर

चेब्बे दार लावून घेऊन बसला. त्याने आमच्याच नकाशांवरून भिंतीतले सुटे कान एकेक करून काढले होते.

"सगळे पूर्वेकडचे आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"जोडीतला पश्चिमेकडचा कान मेन्नोने धरलाय, पूर्वेकडचा सोडलाय. दर वेळी पूर्वेकडचाच. हिस्के, विश्वाला पूर्व-पश्चिम कळत नाही. ती आपल्याला कळते."

मी म्हटलं, मग अँटेनांत काहीतरी असेल, नाहीतर नकाशे करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एका बाजूची चूक शिरली असेल. तो म्हणाला, तेही बघितलं, नकाशे स्वच्छ आहेत, दोन्ही कान ठळक दिसतात. लहान पोराला दिसतील. मग त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मेन्नो बरा आहे ना?"

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या खोलीतली माणसं बाहेर आली. म्हटलं, स्वतःला एक शोध लावता येत नाही आणि निघाला माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत खोट काढायला. त्याला चष्म्याच्या डॉक्टरने गेल्याच महिन्यात बघितलंय, नंबरसुद्धा बदललेला नाही. भिंत खरी आहे. ती खरीच असली पाहिजे.

घरी येताना माळावर गाडी थांबवून बसले. आमच्या नकाशात पूर्व डावीकडे असते. जमिनीच्या नकाशात उजवीकडे, पण आम्ही खालून वर बघतो, म्हणून आभाळाच्या नकाशात डावीकडे. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवते. आज तेवढंच डोक्यात घुमत होतं आणि पुढचा विचार करायचा नव्हता.

१७ डिसेंबर

जेवायला बसलो. मासा, बटाटे, बीट. त्याने उजवीकडचे बटाटे संपवले, काटा ठेवला आणि पेपर घेतला. मासा नि बीट डावीकडे तसेच.

मी हात लांब करून ताट अर्धं फिरवलं.

मेन्नोची नजर ताटावर गेली. "अरे वा, मासा!" म्हणाला आणि खायला लागला. "आधी का नाही वाढलास?"

मी कंप्युटर जेवणाच्या टेबलावर आणला. त्याच्या पट्ट्यातलं एक चित्र काढलं, पूर्वेच्या कडेचं. दोन मोठे कान, डावा-उजवा, मध्ये अंधार. म्हटलं, मेन्नो, हे जरा बघ, माझं अडलंय. काम म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो, अजूनही. चष्मा पुसला, पुढे सरकला आणि उजव्या कानावर बोट ठेवलं. "सुटा."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? एकटाच तर आहे. आसपास काही नाही."

मी चित्र उलटं केलं. खालचं वर, डावीकडचं उजवीकडे. त्याने बघितलं. भुवया उंचावल्या. पुन्हा उजवीकडच्यावर बोट ठेवलं, म्हणजे मघाशी जो डावीकडे होता त्याच्यावर. "हा कुठून आला? हा निराळाच दिसतोय. हाही सुटा."

"आणि मघाचा?"

"कुठला मघाचा?" तो माझ्याकडे बघून हसला, शिकाऊ पोरांकडे बघून हसायचा तसा, गोड. "हिस्के, दमलीयस तू. झोप जाऊन."

मी उठले आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. अगदी जवळ. तो पेपर वाचत राहिला. मी त्याच्या नावाने हाक मारली तर मान वर करून त्याने उजवीकडे, माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

माझ्यासाठी ठेवत नव्हता तो काही. त्याला ते दिसतच नव्हतं. मी तो चॉकलेटचा पाय खाल्ला, देवा!

२३ डिसेंबर

डॉक्टरीणबाई माझ्याहून तरुण आहे, पण घाई नाही तिला. तिने मेन्नोला घड्याळ काढायला सांगितलं. त्याने छान गोल काढला आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. "झालं?" तिने विचारलं. "झालं," तो म्हणाला. मला तो कवितेचा कागद आठवला आणि मी बाहेर गेले.

मेंदूच्या उजव्या बाजूला मागे गाठ आहे. तिच्यामुळे जगाची डावी बाजू त्याच्यापुरती नाहीशी झाली आहे. डोळे शाबूत आहेत, डोळ्यांचा यात काही संबंध नाही. आणि आपल्याला काही दिसत नाही हे त्याला कळणारही नाही, कारण ज्याने कळायचं तेच गेलंय. ऑपरेशन करतील, पण पूर्ण काढता येणार नाही. काढली तरी परत येते. मी किती दिवस म्हणून विचारलं तर म्हणाली, "उन्हाळ्याचे बेत करू नका."

"कधीपासून असेल?" मी विचारलं.

"ते सांगणं कठीण असतं. घरच्यांना काही आठवतं का?"

मी नाही म्हटलं. मला त्या क्षणी खरंच आठवलं नाही.

६ जानेवारी

घरच्यांना नाही आठवत, पण भिंतीला आठवतं.

आज चेब्बेबरोबर बसून चौथा पट्टा पश्चिमेकडून उलगडत गेलो. हिवाळ्यातलं त्याचं काम निर्मळ, एक कान चुकलेला नाही. मग एखादा सुटा. नंतर आणखी. भिंत सुरू होते तिथली चित्रं त्याने बघितली ती ट्यूलिप फुलले होते तेव्हा. तेव्हा मी त्याच्याशी भांडत होते की तू दाराच्या चौकटीला खांदा आपटून माझ्या अंगावर चहा सांडतोस. पूर्वेकडे हळूहळू दाट होत जाते म्हणून मी त्या आलेखाला किती नावाजलं होतं! ती दीर्घिकांची दाटी नव्हतीच. त्याच्या डोक्यातली गाठ वाढत होती, आणि मी ती रंगीत छापून ऑफिसच्या भिंतीवर लावली होती.

विश्व सगळीकडे सारखंच आहे. चौथ्या पट्ट्यातसुद्धा. कणकेत गोळाबिळा काही नाही.

"मार्चच्या सभेला मी कळवतो," चेब्बे म्हणाला. "तू नको कळवू. एका निरीक्षकाच्या जोड्यांत त्रुटी, एवढंच लिहितो. नाव नाही घालत."

"घाल," मी म्हटलं. "आधीच्या सगळ्या पट्ट्यांवर त्याचं नाव आहे. तिथलं काढणार आहेस का? मग इथलंही राहू दे."

चेब्बेने मान हलवली. मग या फ्रिसलंडच्या दगडाने माझे दोन्ही हात धरले. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माझंच चुकावं असं वाटत होतं, हिस्के. देवाशपथ."

संध्याकाळी मेन्नोने विचारलं, "काय म्हणते माझी भिंत?"

"पडली," मी म्हटलं. खोटं बोलायचं नाही असं गाडीतच ठरवलं होतं.

"कुणाची चूक?"

तो माझ्याकडे बघत होता, कारण मी उजवीकडे बसले होते. डोक्यावर ऑपरेशनची पट्टी, एका गालावर खुंट.

"कंप्युटरची," मी म्हटलं.

"वाटलंच मला." त्याला मनापासून समाधान झालं. "सगळ्यांना ओरडून सांगतोय, यंत्राच्या भरवशावर राहू नका. डोळ्यांनी बघा."

११ फेब्रुवारी

पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला आहे. बाहेर माळावर बर्फाचा पातळ थर, त्यावर लामर्टच्या मेंढ्या. लामर्ट रोज येऊन टोपी हातात घेऊन उभा राहतो. थट्टा आता करत नाही.

आज सकाळभर मी मेन्नोचा हात धरून बसले होते. तो झोपेत होता. नर्स आली तशी त्याने डोळे उघडले.

"हिस्के कुठे आहे?" त्याने तिला विचारलं.

"इथेच आहेत की. तुमचा हात धरून बसल्यात."

त्याने खिडकीकडे बघितलं. "नाही, इथे कुणी नाही. सकाळपासून आली नाही ती. भांडून गेली असेल. तिच्या नाकावर राग असतो."

मी त्याच्या डावीकडे बसले होते. नर्सने खुर्ची तिकडे ठेवली होती आणि मी विचार न करता बसले. माझ्यासारख्या बाईने! त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत होता, गरम, आणि त्याच्या लेखी तो हातही नव्हता आणि मीही नव्हते. तशीच उठले, पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले.

"आलीस?" मेन्नो म्हणाला. "किती उशीर! कुठे होतीस?"

"कामात होते."

"बरं." त्याने उजवा हात पुढे केला. मी धरला. पण तो दुसरा हात पलीकडे पांघरुणावर, मी सोडला तसाच पालथा पडलेला, तो मला बघवेना. मी वाकून तो उचलला, त्याच्या छातीवरून अलीकडे आणला आणि दोन्ही हात एकत्र धरले.

मेन्नोने बघितलं. बराच वेळ बघितलं, चित्र बघायचा तसं, भुवया जवळ आणून.

"हा कुणाचा?"

"तुझाच आहे, मेन्नो. ही जोडी आहे."

"मला नाही वाटत." तो दमला होता, डोळे मिटायला लागले होते. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर जोड."